डाळीचा डबा आधी भरायचा

२०२३ च्या जूनमध्ये यांना कंपनीने ब्रेक दिला. नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका व्हेंडरकडे हे कॉन्ट्रॅक्टवर होते. सात महिने झाले की ब्रेक, मग महिना-दीड महिन्यात परत बोलावणं, हे आमच्या अंगवळणी पडलं होतं. या वेळी बोलावणं आलंच नाही. पुढचं काम मिळालं ते थेट फेब्रुवारी २०२४ मध्ये, तेही दुसऱ्या कंपनीत. मधले आठ महिने आम्हा चौघांचं खाणं मी महिन्याला चार हजारांत भागवलं. ते कसं भागवलं आणि त्यात आधी काय चुकलं, तेच लिहितेय. चुकलेलं जरा जास्तच लिहिणार आहे, कारण माझ्या चुकीची किंमत माझ्या लेकीच्या अंगावर निघाली.

सिडकोत चौथ्या स्कीमला आमचं घर आहे, सासऱ्यांनी घेतलेलं. त्यामुळे भाड्याची चिंता नव्हती. मी घरी फॉल-पिको आणि ब्लाउज शिवते, त्याचे पाच-सहा हजार येतात, लगीनसराईत थोडे जास्त. यांनी एका ओळखीच्याच्या टेम्पोवर रात्रीची पाळी धरली. पंचवटीतल्या मार्केट यार्डातून भाजी भरायची आणि सिडको-सातपूरला पोहोचवायची. त्याचे पैसे मिळायचे, पण कधी किती याचा नेम नाही. लाइटबिल, शाळा, आईंची म्हणजे सासूबाईंची बीपीची गोळी आणि विम्याचा हप्ता काढून ठेवला की खाण्यापिण्याला चार हजार उरायचे. गॅस वेगळा. तोवर आमचा किराणा-भाजीपाला आठ-साडेआठ हजारांवर जायचा आणि त्याकडे मी कधी हिशेबाने पाहिलेलं नव्हतं.

पहिल्या महिन्यात मी काय केलं? जे महाग दिसलं ते तोडलं. तूरडाळ दीडशेच्या पुढे गेली होती, म्हणून वरणाला वाटीऐवजी मूठभर डाळ घालायला लागले. शेंगदाणे बंद. कडधान्यं आणलीच नाहीत, कारण ‘भाजी आहे ना’. मटकीची उसळ आमच्याकडे आठवड्यातून दोनदा व्हायची, ती गेली. भात वाढवला, बटाटा वाढवला. सकाळी चहा-टोस्ट, संध्याकाळी चहा-खारी, कारण त्याने पोट भरल्यासारखं होतं आणि कुणी कुरकुर करत नाही. लेकीला शाळेतून आल्यावर नूडल्सचं पाकीट. चौदा रुपयांत काम झालं असं वाटायचं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेतून फोन आला. प्रार्थनेला उभी असताना ती चक्कर येऊन पडली होती. तेरा वर्षांची पोर. मी शिलाई तशीच टाकून धावले. बाईंनी तिला लिंबूपाणी देऊन बसवलं होतं. तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली तर आतून पांढरीफटक. रोज तिची वेणी घालते मी, रोज तोंड पाहते, आणि ते मला दिसलं नव्हतं.

महापालिकेच्या दवाखान्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.२. या वयाच्या मुलीचं १२ तरी हवं, असं डॉक्टर मॅडमनी सांगितलं. जंताची गोळी दिली, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि मग ती दिवसभरात काय काय खाते ते विचारलं. मी सांगत गेले तसं माझं मलाच ऐकू येत गेलं. भात, बटाटा, चहा, टोस्ट, भात. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी तीनच गोष्टी सांगितल्या. जेवणाबरोबर आणि जेवणानंतर तासभर चहा द्यायचा नाही, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळायचं, त्याने ते जास्त लागतं. आणि रोज डाळ किंवा कडधान्य पोटात गेलंच पाहिजे, ते औषध समजा.

त्या रात्री मी लेकीची जुनी अर्धी वही घेतली आणि जून महिन्यात कशावर किती गेले ते आठवून लिहून काढलं. दुकानदाराच्या चिठ्ठ्या डब्यात होत्याच. रोजचं अर्धा लिटर दूध, ते सगळं चहात. साखर चार किलो. चहापत्ती अर्धा किलो. टोस्ट, खारी. एवढ्याचीच बेरीज दीड हजारावर गेली. चार हजारांतले दीड हजार! आणि डाळीवर एकशे साठ. मी वाचवत होते असं मला वाटत होतं. खरं तर जे अंगी लागतं ते तोडून, जे लागत नाही त्यावर पैसे घालत होते.

सासूबाई शेजारी बसून वही बघत होत्या. त्यांना लिहिता येत नाही, पण आकडे कळतात. त्या सिन्नरकडच्या. बहात्तरच्या दुष्काळात त्या चौदा-पंधरा वर्षांच्या होत्या, आईबापाबरोबर खडी फोडायला जायच्या. दुष्काळी कामावर मिळायची ती सुकडी आणि तो लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, त्यांनी खाल्लेला आहे. मला म्हणाल्या, “मी तुला मागच्याच महिन्यात म्हणणार होते, पण म्हटलं तुला वाईट वाटंल. अगं, आमच्याकडं काहीच नसायचं तवा बी हुलग्याचं माडगं रोज असायचं. डाळ तोडून भात वाढवायचा नसतो पोरी.” (हुलगे म्हणजे कुळीथ, आणि माडगं म्हणजे त्याच्या पिठाचं पातळ कढण.)

मग आम्ही दोघींनी मिळून हिशेब उलटा मांडला. पैसे हातात आले की पहिल्या दिवशी डाळी, कडधान्यं आणि शेंगदाणे आणायचे, महिन्याभराचे, डबे भरून. त्यानंतर दूध आणि अंडी. मग तेल. भाजीला जे उरेल ते, आणि चहा-साखर सगळ्यात शेवटी. तूरडाळ दोन किलो, मसूर किलोभर, कारण ती तुरीपेक्षा बरीच स्वस्त आणि पटकन शिजते. हरभरे, मटकी आणि हुलगे एकेक किलो. शेंगदाणे दीड किलो. हे सगळं मिळून हजाराच्या आत बसलं. मला विश्वास बसेना, म्हणून मी बेरीज दोनदा केली. चहा दिवसातून दोनच वेळा, टोस्ट-खारी पूर्ण बंद. साखर दोन किलोवर आली. अर्धा लिटर दुधातलं पावशेर लेकीचं, ते सकाळीच वेगळ्या पातेल्यात काढून ठेवायचं, म्हणजे चुकून चहात जात नाही. आठवड्याला सात अंडी तिच्यासाठी. आई माळकरी आहेत, अंड्याचं भांडं आमच्याकडे वेगळं. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, म्हणजे दोन महिने श्रावण. मी अंडी थांबवायला निघाले तर आईच म्हणाल्या, “लेकराला कसला श्रावण? उकड तू.”

रेशनचंही असंच. आमचं केशरी कार्ड, प्राधान्य कुटुंबातलं. त्या जानेवारीपासून ते धान्य मोफत झालं होतं, माणशी पाच किलो, म्हणजे आम्हा चौघांचं गहू-तांदूळ मिळून वीस किलो. पगार चालू होता तोवर कधी आणायचो, कधी नाही. ‘रेशनचा तांदूळ चिकट होतो’ म्हणून मी तो इडलीला किंवा शेजारच्या कामवाल्या मावशींना देऊन टाकायचे. आता दर महिन्याला अंगठा द्यायला उभी राहिले. आईंचा अंगठा मशीनवर उमटत नाही, कामाने झिजलाय, मग मला किंवा यांना जावं लागायचं.

त्या तांदळात तेव्हा काही दाणे वेगळे असायचे, जरा पिवळट, सगळे एकसारखे, पाण्यावर तरंगणारे. आमच्या गल्लीत सगळ्या बायका त्याला प्लास्टिकचा तांदूळ म्हणायच्या आणि निवडून फेकायच्या. मीही ताट घेऊन बसून एकेक दाणा वेचायचे. पुन्हा दवाखान्यात गेले तेव्हा मॅडमना पुडीत बांधून नेऊन दाखवले. त्या म्हणाल्या, हा पोषणयुक्त तांदूळ आहे. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून त्याचे दाणे करतात आणि साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. म्हणजे माझ्या लेकीला जे हवं होतं तेच मी कचऱ्यात टाकत होते. तेव्हापासून तांदूळ धुतानाही जपून धुते, तरंगलेले दाणे पाण्याबरोबर जाऊ देत नाही. गल्लीत ज्या ज्या बाईला भेटले तिला हे सांगितलं. काहींचा अजून विश्वास बसलेला नाही.

भाजीचं गणित वेगळं. पवननगरच्या मार्केटमध्ये सकाळी दहाला गेलं तर मेथीची जुडी पंचवीसला, तीच रात्री साडेआठला पंधराला, आणि पाऊस असेल तर दहाला दोन. पालेभाजीला उद्या नसतो. विकणाऱ्या ताईंना ती परत न्यायची नसते. मी शिलाईचं काम आवरून रात्रीच जायला लागले. पण घासाघीस करायची नाही, हे मी ठरवलं होतं. त्याही आमच्यासारख्याच. उरलेलं एकदम उचलते म्हटलं की त्या आपणहूनच कमी करतात. फ्लॉवर निवडून झाला की त्याचा पाला तिथेच पडलेला असतो, तो मागितला तर पिशवीभर मिळतो. कोवळी पानं बारीक चिरून डाळीत घातली की चांगली लागतात. मुळ्याचा पाला, बिटाचा पाला, कोथिंबिरीचे देठ यातलं आता काही टाकत नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला शेवग्याचं झाड आहे. शेंगांवर सगळ्यांचा डोळा असतो, पाल्याला कुणी हात लावत नाही. आई रोज संध्याकाळी कोवळा पाला ओरबाडून आणायच्या. थोडा मसूर डाळीत, थोडा पिठात मळून थालीपिठात.

महिन्यातून दोनदा गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजाराला जायचे. जाऊन-येऊन बसचे पैसे जातात, म्हणून शेजारच्या दोघींना घेऊन तिघींची भाजी एकत्र आणायची आणि घरी वाटून घ्यायची. पावसाळ्यात पेठ, हरसूलकडच्या बाया रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा, कुर्डू, कधी करटुली. करटुली मला परवडायची नाही, पण टाकळ्याचे वाटे दहा-दहा रुपयांत मिळायचे. नागली म्हणजे नाचणीही त्यांच्याकडूनच घेतली, दुकानापेक्षा स्वस्त आणि वजनाला चोख. नागलीची भाकरी आमच्याकडे आधी कुणी खायचं नाही. मी ज्वारीच्या पिठात मूठभर मिसळायला लागले, मग दोन मुठी, मग निम्मं-निम्मं. लेकीला कळलं तोवर तिला सवय झाली होती.

आणि टोमॅटो. त्या जुलैत टोमॅटोने शंभरी ओलांडली होती. पिंपळगावला वीस किलोचं क्रेट दोन हजारांवर गेलं, अशा बातम्या रोज यायच्या. निफाडला माझं माहेर, भावाने त्या वर्षी टोमॅटो लावले नव्हते आणि तो हळहळत होता. मी तीन महिने टोमॅटो आणला नाही. चिंच, आमसूल, क्वचित ताकाचं आंबट. चिंचगुळाची आमटी केली की टोमॅटोची आठवणही होत नाही. आपल्याच आज्या हेच करत होत्या की. सप्टेंबरात मात्र भाव असे कोसळले की शेतकरी रस्त्यावर टोमॅटो ओतायला लागले. हे एका पहाटे अख्खं क्रेट घेऊन आले. यार्डात कुणीतरी नुसत्या वाहतुकीच्या पैशात देत होता. ज्याने पिकवलं त्याच्या हाती काही पडलं नसेल, हे माहेरच्या अनुभवाने मला ठाऊक होतं. ते टोमॅटो पाहून आनंद झाला असं म्हणवत नाही.

ते टिकवायचे म्हणून मी काप करून, मीठ लावून गच्चीवर वाळत घातले. तिथे चूक झाली. सप्टेंबरचं ऊन आपलं नसतं. दोन दिवस आभाळ आलं, तिसऱ्या दिवशी भुरभुर, आणि सात-आठ किलोला पांढरी बुरशी धरली. सगळं टाकावं लागलं. उरलेले मग तेल, मीठ, लाल तिखट घालून मंद आचेवर आटवले, बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवले. ते पुढे पंधरा-वीस दिवस पुरले, रोज चमचाभर आमटीत. पण आटवायला गॅस बराच गेला, त्यामुळे हिशेबात ते तितकंसं स्वस्त पडलं नाही. वाळवायचं तर उन्हाळ्यात, हे आईंनी आधीच सांगितलं होतं.

गॅसचं सांगते. जूनमध्ये सिलिंडर अकराशेच्या घरात होता, ऑगस्टच्या अखेरीला दोनशे रुपयांनी उतरला. आमचा सिलिंडर पूर्वी जेमतेम चाळीस दिवस जायचा. डाळ अर्धा तास भिजवायची, कुकरमध्ये डाळ, भात आणि वरच्या डब्यात बटाटे किंवा बीट एकदमच लावायचं, पहिल्या शिटीनंतर आच कमी करायची आणि वेळेवर बंद करून वाफेवर सोडून द्यायचं. कडधान्य तर रात्रभर भिजवलेलंच. शिवाय रोज एकदाच चूल पेटेल असा बेत, म्हणजे सकाळच्या उसळीतली निम्मी रात्री पातळ करून भाकरीबरोबर. बावन्न दिवस गेला एक सिलिंडर. तारीख मी वहीवर लिहून ठेवायचे.

आता ज्या एका पदार्थाने आमचे ते महिने निघाले, त्याबद्दल नीट लिहिते. हुलग्याचे शेंगोळे. लग्न होऊन पंधरा वर्षं झाली, पण मी ते कधी केले नव्हते. हुलगे म्हणजे बैलांचं खाणं, असं माहेरी ऐकलेलं. आईंनी शिकवलं. हुलगे निवडताना खडे फार जपून बघावे लागतात, रंग सारखाच असतो. मग लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायचे. वास बदलतो, मातीवर पहिला पाऊस पडल्यासारखा येतो, तिथे थांबायचं. गार झाले की गिरणीवर दळून आणायचे. गिरणीवाल्या दादांना आधी सांगायचं, म्हणजे ते ज्वारीनंतर घालतात.

दोन वाट्या हुलग्याच्या पिठात अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, लसूण-जिरं-लाल तिखट वाटून, मीठ, हळद आणि चमचाभर तेल. पाणी बेताने. पीठ घट्टच हवं, सैल झालं की शेंगोळे पाण्यात विरघळतात. माझे पहिल्यांदा विरघळले आणि त्याचं पिठलं झालं, तेही आम्ही खाल्लं. हाताला तेल लावून लिंबाएवढा गोळा दोन्ही तळव्यांत वळायचा, करंगळीपेक्षा बारीक वळी झाली की तिची दोन्ही टोकं जुळवून कडं करायचं. आई बोलता बोलता मिनिटाला चार-पाच करतात. सगळे एका मापाचे, ताटात कडेने मांडत जातात. तिकडे पातेल्यात थोड्या तेलावर लसूण आणि कांद्याची फोडणी, चमचाभर काळा मसाला, त्यात सहा-सात वाट्या पाणी. पाणी खळखळून उकळलं की एकेक शेंगोळं सोडायचं. सगळे एकदम टाकले की उकळी बसते आणि ते एकमेकांना चिकटतात. पहिली पाच मिनिटं डाव घालायचा नाही. वीस मिनिटांनी एक काढून दाबून पाहायचं, आत कोरडं पीठ दिसलं नाही की झालं. परातीत उरलेलं, हात धुतलेलं पीठपाणीही त्यातच ओतायचं, रस दाट होतो. वरून कच्चा कांदा, लिंबू आणि असेल तर चमचाभर कच्चं तेल. भाकरी नसली तरी चालते, तेवढ्यानेच जेवण होतं. चौघांचं पोटभर जेवण तेव्हा मला चाळीस-पंचेचाळीस रुपयांत पडायचं. लेक पहिल्या दिवशी नाक मुरडत होती, आता वाढदिवसाला मागते.

बाजरीने मात्र एकदा फसवलं. दसऱ्यानंतर नवी बाजरी आली, भावाने दहा किलो पाठवली. हे सांगायलाच हवं, कारण माहेराहून आलेली बाजरी आणि दिवाळीला आलेले कांदे माझ्या चार हजारांत धरलेले नाहीत. ज्यांना मागे असं कुणी नाही, त्यांना हे आणखी अवघड जाईल. तर मी उत्साहाने त्यातली पाच किलो एकदम दळून आणली. बारा-तेरा दिवसांनी भाकरी कडवट लागायला लागली. बाजरीत तेल जास्त, दळली की पीठ लवकर खवट होतं. तेव्हापासून एका वेळी दीड किलोच दळते, आठवड्याला पुरेल इतकंच.

यांच्याबद्दल थोडं लिहावं लागेल. घरात जेवण कमी पडेलसं दिसलं तर हे ‘मला भूक नाही’ म्हणून उठायचे. सुरुवातीला मला ते खरं वाटायचं. मग एकदा लेकीच्या ताटातली उरलेली भाकरी खाताना मी त्यांना पाहिलं. त्या दिवसापासून मी सगळ्यांची ताटं एकदम वाढते आणि एकदमच बसायचं हा नियम केला. भाकऱ्या मोजून, माणशी दोन, यांना तीन. दिवसा कामाच्या शोधात सातपूरला, कधी थेट गोंद्याच्या एमआयडीसीपर्यंत फिरायचे, तेव्हा दुपारचं बाहेर काय खाणार? त्यांना शिवभोजन केंद्रात जायला लाज वाटायची. तेव्हा तिथे दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात मिळायचा. मी म्हटलं, सरकारने ते आपल्यासारख्यांसाठीच काढलंय, त्यात लाज कसली? एकदा मी स्वतः बरोबर गेले, दोघं शेजारी बसून जेवलो. पुढे ते एकटे जायला लागले.

धोंड्याच्या महिन्यात माहेरी बोलावणं होतं, गेलो. दिवाळीला मात्र चकली, शेव काही केलं नाही. शंकरपाळे आणि चिवडा, बस्स. रेशनवर तेव्हा शंभर रुपयांत आनंदाचा शिधा मिळाला, त्यातल्या रव्याचे लाडू केले.

डिसेंबरात लेकीचं रक्त पुन्हा तपासलं. ११.६. मॅडम म्हणाल्या, अजून थोडं हवं, पण छान आहे. गोळ्यांनी वाढलं की जेवणाने, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, गोळ्यांनी वाढलं, आता ते टिकेल ते जेवणाने. मला त्या पोरीच्या पापणीतला लालसरपणा आकड्याच्या आधीच दिसला होता. रोज सकाळी वेणी घालताना मी पापणी ओढून बघायचे आणि ती वैतागायची.

त्याच सुमाराला लसूण तीनशेच्या पुढे गेला. शेंगोळ्याला लसूण लागतोच. मग फोडणीतला काढून फक्त वाटणात ठेवला, फोडणीला हिंग. कांदा मात्र तेव्हा स्वस्त झाला, केंद्राने डिसेंबरात निर्यातबंदी केली म्हणून. भावाचा फोन आला की आवाजावरूनच कळायचं. मला कांदा स्वस्त मिळतो तेव्हा तिकडे त्याच्या घरी काय चाललं असेल, हे डोक्यातून जात नाही.

फेब्रुवारीत यांचा पगार सुरू झाला. चार हजारांचे साडेपाच केले, आठ नाही. वाढवलेल्या पैशांत पहिल्यांदा दूध एक लिटर केलं आणि आईंसाठी तूप आणलं, त्यांनी आठ महिने भाकरीवर तेल घालून घेतलं होतं. टोस्ट आणले नाहीत. कुणी मागितलेही नाहीत. वही चालूच आहे, ती संपली म्हणून लेकीने नवी दिली, पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात ‘तूरडाळ, मसूर, हरभरे, मटकी, हुलगे, शेंगदाणे’ असं लिहून. तो क्रम आम्ही अजून बदललेला नाही.

मागच्या महिन्यात खालच्या घरातल्या ताईंच्या मिस्टरांना ब्रेक मिळाला. त्यांना दोन लहान मुलं. त्या माझ्याकडे ब्लाउज द्यायला आल्या आणि सहज म्हणाल्या, आता डाळ जरा कमी करावी लागणार. मी मशीन थांबवलं आणि वही काढली. बुधवारी आम्ही दोघी गंगेवर गेलो. संध्याकाळी सात वाजले होते, मेथीच्या शेवटच्या आठ जुड्या एका आजींकडे उरल्या होत्या. त्यांनी पन्नास सांगितले. आम्ही पन्नासच दिले, चार-चार वाटून घेतल्या आणि हुलगे घ्यायला पुढे निघालो.